गलीनाची विटांची घरे आणि माझी राहिलेली सही



अमेरिकेहून येऊन दीड महिना झाला. बस्तीत, महिला मंडळात, लग्नकार्यात जी भेटते ती एकच विचारते, "नायगारा बघितला का?" बघितला बाई. पाणीच पाणी आहे, फोटोत दिसते तसेच. पण मला आज लिहायचे आहे ते गलीना नावाच्या एका लहानशा गावाबद्दल. जायच्या आधी मीही हे नाव ऐकले नव्हते.

त्याआधी एक घरची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर मी त्या गावात एवढी का गुंतले ते कळणार नाही. निघताना माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक कागद होता. हक्कसोडपत्र. सांगलीजवळचा माहेरचा वाडा दादाला पाडायचा आहे आणि तिथे एका बिल्डरबरोबर फ्लॅट बांधायचे आहेत. आक्काने सही केली, धाकट्या भावाने केली. मी म्हटले, "अमेरिकेहून आल्यावर करते." खरे कारण पैशाचे नव्हते. त्याच वाड्याच्या दारात आईच्या शेजारी कलश घेऊन मी महाराजांच्या पडगाहनाला उभी राहिले होते, सात-आठ वर्षांची असेन. महाराजांचा आहार आमच्या माजघरात झाला. ते दार पाडायचे म्हटले की माझ्या पोटात कालवते. पण हे दादाला कसे सांगायचे? म्हणून मुदत मागून घेतली आणि विमानात बसले.

मुलगा शिकागोच्या उपनगरात राहतो. जूनमधला एक शनिवार-रविवार त्याने मोकळा काढला. सकाळी बार्टलेटच्या जैन मंदिरात दर्शन घेतले आणि तिथूनच हमरस्ता क्रमांक २० धरला. तो रस्ता सरळ पश्चिमेला जातो, दोन्ही बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची शेते, मैलोन् मैल सपाट. वाटेत एक-दोन गावे लागली तिथे मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकाने बंद, काचेला पुठ्ठे लावलेले. सूनबाई म्हणाली, "आई, मॉल गावाबाहेर गेले आणि गावं अशी झाली." अडीच तासांनी जमीन एकदम उंचसखल झाली, वळणे आली, आणि एका उतारावरून गाव दिसले. टेकडीवर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली लाल विटांची घरे, चर्चचे मनोरे, आणि खाली नदीच्या वळणाप्रमाणे वळलेला एकच मुख्य रस्ता.

लोकसंख्या सुमारे ३३००. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावात एसटी उभी राहिली तर राहिली. पण या गावाचा साधारण ८५ टक्के भाग ऐतिहासिक म्हणून राष्ट्रीय नोंदवहीत आहे, १९६९ पासून. एखाद-दुसरी इमारत नव्हे, सगळी गल्लीच्या गल्लीच. दुकाने, घरे, चर्च, पायऱ्यासुद्धा.

गलीना हे नाव शिशाच्या खनिजावरून पडले. गोरे लोक येण्याच्या आधी मेस्क्वाकी आणि सॉक ही तिथली मूळ माणसे शिसे काढत. मग १८२० च्या दशकात खाणवाल्यांची झुंबड उडाली आणि मूळ माणसांना हुसकावले गेले. शिसे म्हणजे बंदुकीच्या गोळ्या आणि रंग. दोन्हींना तेव्हा मोठी मागणी. एके काळी अमेरिकेतले बहुतेक शिसे याच भागातून निघत असे. नदीतून वाफेच्या बोटी थेट गावात येत, मिसिसिपीतून न्यू ऑर्लीन्सपर्यंत माल जाई. शिकागो चिखलात उभे होते तेव्हा गलीना श्रीमंत होते. या दिवसांत जी विटांची घरे आणि दुकाने उभी राहिली तीच आज आपण बघतो.

मग सगळे एकदमच फिरले. वरच्या थरातले शिसे संपत आले. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाला सोने सापडल्याच्या बातमीने खाणकामगार तिकडे पळाले. पाठोपाठ रेल्वे आली आणि बोटींचे काम कमी झाले. आणि नदी, तिचे हाल तर त्यांनीच केले होते. खाणींसाठी आणि भट्ट्यांसाठी डोंगर उघडे केले, माती वाहून आली, पात्र गाळाने भरले. ज्या नदीत बोटी वळत होत्या तिथे आता गुडघाभर पाण्यात लोक वल्ह्याच्या होड्या फिरवतात. पृथ्वीकाय, वनस्पतिकाय जिवांच्या हिंसेबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गाळाकडे बघताना ते आठवल्याशिवाय राहिले नाही.

आता गंमत ऐका. मी समजत होते, या लोकांना जुन्याचे किती प्रेम, म्हणून सगळे जपले. तसे नाही. शंभर वर्षे गावाकडे पैसाच नव्हता! पाडून नवे बांधायलाही पैसा लागतो. शेजारची गावे वाढली, त्यांनी जुने पाडले, काचा-सिमेंट आणले. गलीनाला परवडले नाही म्हणून घरे राहिली. मुख्य रस्त्यावर डीसोटो हाऊस हे हॉटेल आहे, १८५५ मध्ये उघडलेले. तेव्हा त्याला पाच मजले आणि सव्वादोनशे खोल्या होत्या. १८५६ मध्ये लिंकन यांनी त्याच्या सज्जातून भाषण केले. पण धंदा बसला तसे एवढे मजले सांभाळणे परवडेना, आणि १८८० च्या सुमारास वरचे दोन मजले चक्क उतरवले. आज हॉटेल चालू आहे ते तीन मजली. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून वर नसलेले मजले मोजत होते. नातू म्हणाला, "आजी, आकाशात काय बघतेस?"

पुढे युलिसिस ग्रँट यांचे घर. अमेरिकेच्या यादवी युद्धातले सेनापती, नंतर राष्ट्राध्यक्ष. युद्धापूर्वी, १८६० मध्ये, हा माणूस हातात काही नसताना गलीनाला आला आणि वडिलांच्या चामड्याच्या दुकानात भावांबरोबर काम करू लागला. चामड्याचे दुकान म्हटल्यावर मी तोंड वाकडे केलेच. पण गंमत अशी की लहानपणापासून त्याला वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा नकोसा वाटे, आणि मांसात रक्त दिसले तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. पुढे हाच माणूस हजारो माणसे मरतील अशा लढाया लढला. माणसाचे काही कळत नाही. (राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर जगप्रवासाला निघाला तेव्हा फेब्रुवारी १८७९ मध्ये तो आपल्या मुंबईतही येऊन गेला.)

युद्ध जिंकून १८६५ च्या ऑगस्टमध्ये तो परतला तेव्हा गावातल्या काही धनिकांनी नदीपलीकडच्या टेकडीवरचे एक विटांचे घर सामानासकट त्याला भेट दिले. २५०० डॉलरचे घर. तो तिथे फार राहिला नाही. आज आत बरेचसे सामान मूळचेच आहे. जेवणाच्या टेबलावर ताटे मांडलेली, स्वयंपाकघरात लोखंडी शेगडी. मला स्वयंपाकघर बघायला जास्त वेळ लागला, हे तुम्हाला सांगायला नकोच.

पण माझे कान टवकारले ते माहिती सांगणाऱ्या बाईंच्या एका वाक्याने. ग्रँट यांच्या मुलांनी १९०४ मध्ये हे घर गलीना गावाला देऊन टाकले. गावाला त्याचा खर्च झेपेना, म्हणून १९३१ मध्ये गावाने ते इलिनॉय राज्य सरकारला दिले. म्हणजे बघा. राष्ट्राध्यक्षाचे घर, पण मुलांना नको, गावाला जड. शेवटी ज्याच्या तिजोरीत पैसा त्याच्याकडे गेले तेव्हा नीट राहिले. त्या बाई सहज बोलून पुढच्या खोलीत गेल्या. मी मात्र जिन्याजवळच थांबले. आमच्या वाड्याची शाकारणी दरवर्षी कोण करते? दादा. पैसे कोण देते? दादाच. मी काय देते? डोळ्यांत पाणी.

संध्याकाळी लवकर जेवलो. जूनमध्ये तिथे सूर्य साडेआठपर्यंत मावळत नाही, त्यामुळे रात्रीभोजनाची अडचण आली नाही. ठेपले, मुगाची कोरडी उसळ आणि लोणचे घरूनच नेले होते. मग मुलाला बसवून विचारले, "हे सगळे चालते कशावर? नुसत्या कौतुकावर नाही चालणार." तुम्हाला ठाऊक आहे, मी १९८१ ची बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण ताळेबंद दिसला की अजून हात शिवशिवतात. त्याने फोनवर शोधून वाचून दाखवले आणि मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले.

न्यूयॉर्कमधले पेन स्टेशन नावाचे भव्य स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतले तेव्हा लोक हळहळले, आणि पुढे तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, जुन्या वास्तू जपण्याचा राष्ट्रीय कायदा झाला. नोंदवही त्यातूनच आली. माझा समज होता की त्या नोंदवहीत नाव आले की मालकाचे हात बांधले जातात. तसे नाही. खासगी मालक स्वतःच्या पैशाने त्या इमारतीत हवा तो बदल करू शकतो, पाडूसुद्धा शकतो, राष्ट्रीय नोंद त्याला अडवत नाही. अडवतात ते गावाने स्वतः करून घेतलेले नियम. बाहेरून दिसणारी खिडकी बदलायची तरी गावाला विचारा.

आणि पैशाची बाजू अशी. नोंद झालेली जुनी इमारत उत्पन्न देणारी असेल, म्हणजे दुकान, हॉटेल, ऑफिस किंवा भाड्याने दिलेली घरे, आणि तिची दुरुस्ती ठरवून दिलेल्या पद्धतीने केली, तर खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाच्या केंद्रीय आयकरातून वजा होते. उत्पन्नातून नाही हं, थेट करातून. यातला फरक आपल्या घरात विवरणपत्र भरणाऱ्याला विचारा, तो लगेच सांगेल. एक लाख डॉलर लावले तर वीस हजार डॉलर कर कमी, तो पाच वर्षांत विभागून. अट अशी की खर्च हा इमारतीच्या घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जास्त हवा. नुसता रंगाचा हात फिरवून सवलत मिळत नाही. आणि आपण स्वतः राहतो त्या घराला ही सवलत नाहीच.

हे लिहून घेतल्यावर मी कागदाकडे बघत बसले. म्हणजे सरकारलाही कळले आहे की जुने घर नुसते जपा म्हणून जपले जात नाही. त्याला काहीतरी कमवावे लागते किंवा कोणीतरी त्याच्यासाठी कमवून घालावे लागते.

दुसऱ्या दिवशी मुख्य रस्त्यावर हिंडलो. सगळे गोड गोड आहे असे मी म्हणणार नाही. मिठाईची, मेणबत्त्यांची, दागिन्यांची, वाइनची दुकाने एकापुढे एक. एका दुकानातल्या आजीबाईंना (म्हणजे माझ्याच वयाच्या!) मी विचारले, "तुम्ही डाळ-तांदूळ, म्हणजे किराणा, कुठून आणता?" त्या हसल्या आणि हाताने दूर दाखवले. "हमरस्त्यावर. इथे पाहुण्यांच्या उपयोगाचे मिळते, आमच्या उपयोगाचे नाही." शनिवार-रविवारी त्यांना स्वतःच्या दारात गाडी लावायला जागा मिळत नाही. घर जपले आणि गल्ली पाहुण्यांची झाली. हीही एक किंमतच.

रस्त्याच्या टोकाला मी जे पाहिले ते मात्र मुलाला कळले नाही, मलाच कळले. मोठे हिरवे लोखंडी दरवाजे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडे उभे. पूरदरवाजे. नदी चढली की ते बंद करतात आणि मुख्य रस्ता मागे कोरडा राहतो. बंधारा आणि दरवाजे १९५१ मध्ये झाले. त्याआधी याच दुकानांत कितीदा पाणी शिरले होते. मी त्या दरवाजाला हात लावून उभी राहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या वाड्यात माजघरापर्यंत आले होते. पांढऱ्या मातीच्या भिंती भिजल्या, एक भिंत बसली. आठ दिवसांनी पाणी उतरले तेव्हा दादा आणि वहिनी दोघांनी चिखल उपसला, साठी उलटलेली माणसे. मी पुण्यातून फोन करत होते आणि टीव्ही बघत होते. वाडा पाडायचे दादाच्या मनाने तेव्हाच घेतले असणार. त्याने मला कधी बोलून दाखवले नाही.

त्या रात्री, म्हणजे तिकडची सकाळ, मी वहिनींना फोन लावला. दादाला नाही, मुद्दाम वहिनींना.

"वहिनी, वाड्यावर वर्षाला किती खर्च होतो?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली मला या घरात येऊन. हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या, वन्सं."

तासाभराने व्हॉट्सअॅपवर वहीची पाने आली. वहिनींचे अक्षर गोल, नीटनेटके. शाकारणी. कौले. सुताराची मजुरी. वाळवीने खाल्लेला खांब बदलला, ते दोनदा. औषध मारून वाळवी घालवणे सोपे होते, स्वस्तही होते, पण वहिनींनी एकदाही औषध मारू दिले नाही. इतके जीव मारायचे कसे, म्हणून खांब बदलत राहिल्या. मुरूम टाकून परसदार उंच केले. पुरानंतरची भिंत. पाच वर्षांचे मिळून चार लाख अठरा हजार रुपये. आणि शेवटी एक ओळ, जी खर्चाची नव्हती: रात्री संडासला परसदारी जावे लागते, पावसात पाय घसरतो, गेल्या श्रावणात पडले.

मैत्रिणींनो, ते वाचून मला लाज वाटली. माझ्या आठवणीतल्या वाड्यात पडगाहन होते, दिवाळी होती, चिंचेची सावली होती. रात्रीचा तो ओला परसू नव्हता, कारण माझ्या लग्नाबरोबर तो संपला. आपण मुली माहेरचे घर तसेच्या तसे राहावे असे म्हणतो. आत राहणारी दुसऱ्याची मुलगी असते.

आल्यावर आम्ही चौघे भावंडे बसलो. मी दादाला म्हटले, "पाडू नको असे मी म्हणत नाही. पण पाडायचे की ठेवायचे ते ठरेपर्यंतचा खर्च चार भागांत, आणि मागच्या पाच वर्षांतला माझा चौथा हिस्सा हा घे." आक्का आधी रागावली. "सही करून मोकळे झालो होतो, आता हे काय नवीन?" तिचेही चूक नाही. धाकटा म्हणाला, पुढचा सोपा आणि माजघर ठेवून मागे नवीन बांधता येईल का ते इंजिनियरला विचारू. दादा कुठल्याच बाजूने बोलला नाही. चेक घेतला नाही, टेबलावरच राहू दिला. नंतर वहिनींनी उचलून डब्यात ठेवला.

जाताना वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या, त्याच दारात. म्हणाल्या, "वन्सं, वाडा राहिला तर राहू दे, पण आधी घरात संडास पाहिजे."

त्याचे पैसे मी वेगळे पाठवले आहेत. गवंडी सोमवारी येतो म्हणाला आहे. कागद अजून कपाटातच आहे, साड्यांच्या खाली.